वाचकांचे प्रश्न : बांधकामाच्या जागेवरून वाहणारे पाणी आणि त्याची तपासणी

अमेरिकेत बांधकामाच्या क्षेत्रात असलेल्या मराठी अभियंत्यांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडूनही या सदराकडे आलेली बरीच पत्रे बांधकामाच्या साइटवरून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या तपासणीविषयी असल्यामुळे या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. खालील उत्तरे ‘ईपीए’ या संघराज्याच्या पर्यावरण संस्थेने २०२२ साली दिलेल्या बांधकामाच्या सर्वसाधारण परवान्याला धरून आहेत. हा परवाना १७ फेब्रुवारी २०२२ पासून पाच वर्षांसाठी असून तो मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, न्यू मेक्सिको, राजधानी वॉशिंग्टन, पोर्तो रिको आणि मूळ अमेरिकी जमातींच्या बहुतेक जमिनींवर लागू होतो. इतर राज्यांचे परवाने त्यांचे स्वतःचे आहेत. त्यांची चौकट बरीचशी अशीच असली, तरी आकडे वेगळे असू शकतात. तेव्हा टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातील वाचकांनी येथील आकडे थेट आपल्या साइटवर नेऊ नयेत.

प्रश्न : मी मॅसॅच्युसेट्समधील एका ठेकेदार कंपनीत नुकताच रुजू झालो आहे. आमच्या सहा एकरांच्या साइटवर दर आठवड्याला तपासणी करायची की पाऊस पडेल तेव्हा, याविषयी कार्यालयातच दोन मते आहेत. मागच्या महिन्यात सोमवार ते बुधवार पाऊस लागून राहिला होता. तेव्हा नेमक्या किती तपासण्या करायला हव्या होत्या? – एक वाचक, वूस्टर

उत्तर : आपल्या कार्यालयातील दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण परवाना दोन पर्याय देतो आणि त्यांपैकी कोणता स्वीकारला आहे हे प्रदूषण-प्रतिबंधक आराखड्यात, म्हणजे साइटवर सगळे ज्याला ‘स्विप’ म्हणतात त्या दस्तऐवजात, लिहून ठेवावे लागते. पहिला पर्याय दर सात दिवसांनी एकदा तपासणी करण्याचा. दुसरा पर्याय दर चौदा दिवसांनी एकदा आणि शिवाय चोवीस तासांत पाव इंच किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की त्यानंतरच्या चोवीस तासांच्या आत आणखी एकदा. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरांच्या किंचित वर. कोकणात वाढलेल्या माणसाला एवढ्याला पाऊस म्हणणेच जड जाईल, पण येथे मोजायचे आहे ते उघडी माती हलवायला पुरेसे पाणी, आणि नुकत्याच सपाट केलेल्या उतारावर तेवढे पाणी पुरते. दिवसभरात दोन-तीन हलक्या सरी येऊन त्यांची बेरीज पाव इंच झाली, तरी तो पाऊस धरला जातो. हिवाळ्यात एका दिवसात सव्वातीन इंच किंवा त्याहून अधिक बर्फ पडून तो वितळून साइटबाहेर वाहू लागला, तर त्यालाही हाच नियम आहे.

आता आपल्या सोमवार ते बुधवारच्या पावसाविषयी. तिन्ही दिवस पाव इंचाच्या वर पाऊस झाला असेल आणि आपण दुसरा पर्याय घेतला असेल, तर दोन तपासण्या लागतात : पहिली पहिल्या दिवसाच्या पावसानंतर चोवीस तासांच्या आत, पाऊस चालू असला तरी; आणि दुसरी शेवटच्या दिवसानंतर चोवीस तासांच्या आत. मधल्या दिवसाची वेगळी तपासणी लागत नाही. तपासणी साइटच्या नेहमीच्या कामाच्या वेळेतच करायची असते, त्यामुळे रात्री पाऊस पडला म्हणून कोणी बॅटरी घेऊन अंधारात जाण्याची अपेक्षा नाही; त्याचप्रमाणे एखादा भाग त्या वेळी धोकादायक असेल तर तो वगळता येतो, पण का वगळला ते अहवालात लिहावे लागते.

माझे मत विचाराल तर सात दिवसांचाच पर्याय घ्यावा. चौदा दिवसांचा पर्याय कागदावर निम्म्या मेहनतीचा दिसतो, परंतु त्यात कोणीतरी रोज पर्जन्यमापकाकडे पाहिले पाहिजे, ते आकडे लिहिले पाहिजेत आणि पावसामुळे झालेल्या प्रत्येक तपासणीच्या अहवालात तो आकडा आला पाहिजे. एका साइटवर मी पर्जन्यमापक ऑफिसच्या ट्रेलरच्या कोपऱ्याला, थेट छपराच्या कडेखाली अडकवलेला पाहिला आहे. आभाळातले आणि छपरावरचे असे दुहेरी पाणी त्यात पडत होते आणि गेला दीड महिना कंपनी नसलेल्या पावसासाठी माणसे पाठवीत होती. ही चूक खर्चाची होती, धोक्याची नव्हे; तोच मापक झाडाखाली असता तर उलटे झाले असते. साइटवर मापक ठेवायचा नसेल तर आपल्या भागाचे खरे चित्र देणाऱ्या हवामान केंद्राची नोंदही चालते.

एक गोष्ट मात्र पर्याय निवडण्याआधी पाहावी. आपले पाणी ज्या ओढ्याला किंवा तळ्याला मिळते ते गाळामुळे किंवा नत्र-स्फुरदासारख्या पोषकद्रव्यांमुळे बिघडलेले म्हणून सरकारी यादीत असेल, अथवा विशेष संरक्षण मिळालेले उत्तम प्रतीचे पाणी असेल, तर निवड उरतच नाही : दर सात दिवसांनी तपासणी करायची आणि पाव इंच पावसानंतरही करायची.

प्रश्न : मी ईपीएचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाले आहे आणि पुढच्या आठवड्यापासून तपासणी माझ्याकडे येणार आहे. छापील अर्जात रकाने पुष्कळ आहेत, पण साइटवर उभे राहिल्यावर नेमके पाहायचे काय आणि सुरुवात कोठून करायची, हे कोणी सांगत नाही. – एक वाचक, नॅशुआ, न्यू हॅम्पशायर

उत्तर : आपण परीक्षा दिली हे योग्यच केले. तो अभ्यासक्रम किंवा त्या तोडीचे वैध प्रमाणपत्र ही २०२२ च्या परवान्याने घातलेली अट आहे आणि त्याआधी ‘अनुभवी माणूस’ या नावाखाली कोणालाही पाठवले जात असे.

सुरुवात फाटकापासून करू नका. बहुतेक जण तसे करतात, कारण गाडी तेथे लावलेली असते. साइटचा जो सर्वांत सखल कोपरा आहे, जेथून पाणी हद्दीबाहेर पडते, तेथे आधी जा आणि मग पाण्याच्या उलट दिशेने वर चढत या. खाली ओढ्याच्या काठावर ताजा, हाताला पिठासारखा लागणारा गाळ दिसला, की वर कोठेतरी काहीतरी फुटले आहे हे आपल्याला आधीच कळलेले असते आणि मग ते सापडेपर्यंत आपण थांबत नाही. वरून खाली आलेला माणूस पन्नास गोष्टी ‘ठीक’ म्हणून खूण करीत येतो आणि खालचा गाळ दिसेपर्यंत दमलेला असतो.

वाटेत काय पाहावे, तर पहिली सिल्ट फेन्स, म्हणजे खुंट्यांवर ताणलेले ते काळे किंवा नारिंगी कापड. कापड उभे आहे एवढ्यावर समाधान मानू नका. वाकून त्याची खालची कड पाहा. ती चरात गाडलेली असायला हवी. पुष्कळदा कड उघडी पडलेली असते आणि कापडाखालून पाण्याने बोटभर रुंदीची घळ पाडलेली असते. वरून पाहणाऱ्याला कुंपण अगदी नीट दिसते आणि सगळे पाणी मात्र खालून निघून गेलेले असते. कापडामागे साचलेला गाळ कापडाच्या जमिनीवरील उंचीच्या निम्म्यापर्यंत पोहोचण्याआधी काढावा लागतो. मी खिशात घडीचा टेप ठेवतो आणि गाळाची उंची फोटोत टेपसह घेतो, कारण ‘थोडासा गाळ’ या शब्दांचा अर्थ दोन माणसांत सारखा नसतो.

फाटकाशी, जेथे खडी पसरून गाड्यांच्या टायरांचा चिखल झाडून घेण्याची सोय केलेली असते, तेथे खडी दिसते आहे की चिखलात बुडाली आहे ते पाहावे आणि मग बाहेरच्या डांबरी रस्त्यावर थोडे चालून जावे. टायरांबरोबर रस्त्यावर गेलेली माती त्याच कामाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत उचलावी लागते, आणि ती झाडून काढायची असते. पाण्याचा फवारा मारून गटारात ढकलायची नसते. काँक्रीटच्या गाड्या धुण्याच्या खड्ड्याचे अस्तर फाटलेले नाही ना, डिझेलच्या टाकीखाली डाग नाही ना, मातीचे जे ढिगारे बरेच दिवस हललेले नाहीत ते झाकले आहेत ना, हेही त्याच फेरीत येते.

पाणी त्या वेळी प्रत्यक्ष बाहेर वाहत असेल, तर त्याचा रंग, वास, तरंगणारे पदार्थ, फेस, तेलाचा तवंग यांचे वर्णन लिहावे लागते. त्यासाठी मी काचेची एक बरणी नेतो. वाहत्या पाण्याचा रंग आभाळाप्रमाणे बदलतो. बरणी धरून त्यामागे पांढरा कागद ठेवला की शंका राहत नाही. पाया खोदताना साचलेले पाणी पंपाने बाहेर टाकले जात असेल, तर त्याचा नियम वेगळा आणि अधिक कडक आहे : ज्या ज्या दिवशी पंप चालेल त्या प्रत्येक दिवशी तपासणी, आणि गाळण्याआधीचे पाणी, गाळल्यानंतरचे पाणी व ते साइटबाहेर पडण्याचे ठिकाण यांचे वेळेची नोंद असलेले फोटो.

अहवाल तपासणी संपल्यापासून चोवीस तासांत पुरा करायचा आहे. तो गाडीत बसूनच पुरा करण्याची सवय लावून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा न्यू हॅम्पशायरमध्ये इंजिनिअर आहे आणि दर सोमवारी चिखलात फिरून फोटो काढतो, असे तो सांगतो. पावसाच्या पाण्यात तपासण्यासारखे एवढे काय असते? आणि आपल्याकडे असा काही नियम आहे का? – एक ज्येष्ठ वाचक, सांगली

उत्तर : काका, तपासायचे असते ते पाण्याबरोबर निघालेली माती. गवत-झाडी काढून जमीन उघडी केली की पाऊस तिचा वरचा थर घेऊन जातो. ओढ्यात गेल्यावर ती माती माशांच्या अंड्यांवर बसते, पाण्यातल्या वनस्पतींपर्यंत उजेड पोहोचू देत नाही आणि तिच्या बारीक कणांना चिकटून आलेल्या स्फुरदामुळे पुढे तळ्यात शेवाळ माजते. १९७२ च्या अमेरिकी जलशुद्धता कायद्याचा भर आधी कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याच्या नळांवर होता. १९८७ च्या दुरुस्तीने पावसाचे पाणी त्यात स्पष्टपणे आले, १९९० च्या नियमांनी पाच एकर व त्यावरील बांधकामे आणि १९९९ च्या नियमांनी एक एकर, म्हणजे आपले चाळीस गुंठे, व त्यावरील बांधकामे परवान्याखाली आणली.

आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे वीस हजार चौरस मीटर व त्यावरील बांधकामांना आधी मंजुरी घ्यावी लागते आणि तिच्या अटींच्या पालनाचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो; त्या अधिसूचनेत अशी आठवड्याची फेरी नाही. पण मुलाचे काम आपल्याला परके वाटू नये. पहिला मोठा पाऊस ओसरला की बांध कोठे फुटला हे पाहायला शेतकरी खोरे घेऊन बाहेर पडतोच. मुलगा तेच करतो. फरक एवढाच, की फुटलेला बांध त्याला तारीख घालून लिहून ठेवावा लागतो.

प्रश्न : आमचे साइट सुपरिंटेंडंट म्हणतात, की अहवालात दोष लिहू नका, आधी मला फोनवर सांगा, मी दुरुस्त करून घेतो, म्हणजे कागद स्वच्छ राहतो. त्यांचा हेतू वाईट नाही आणि ते खरोखरच दुरुस्ती करतातही. मी काय करावे? – नाव न छापण्याच्या विनंतीवरून

उत्तर : फोन जरूर करा, परंतु दोषही लिहा. अहवालावर सही करणारी व्यक्ती कायद्याने शिक्षेस पात्र राहून मजकुराच्या खरेपणाची हमी देत असते, आणि जाणूनबुजून खोटे विधान करणाऱ्याला या कायद्याखाली दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या साहेबांचा हेतू चांगला असला, तरी सही त्यांच्या हेतूवर होत नाही.

त्यांना समजावताना मात्र शिक्षेची भाषा वापरू नका, मुदतीची वापरा, कारण येथे नियम त्यांच्या बाजूने आहे आणि ते बहुधा त्यांना ठाऊक नाही. दोष सापडणे हे स्वतःहून उल्लंघन ठरत नाही. कुंपण पडले, गाळ साचला, जाळी तुंबली, हे पावसाळी जागेवर होणारच, असे परवाना गृहीत धरतो आणि त्यासाठी वेळ देतो. साधी देखभाल असेल तर लगेच पुढच्या कामाच्या दिवसाच्या अखेरपर्यंत ती पुरी करायची. नवी व्यवस्था बसवायची असेल किंवा मोठी दुरुस्ती असेल तर दोष आढळल्यापासून सात दिवस मिळतात. फक्त तोपर्यंत घाण पाणी बाहेर जाऊ नये म्हणून शक्य ते लगेच करावे लागते, आणि दुरुस्तीच्या वहीत दोष आढळल्यावर चोवीस तासांत एक व काम पुरे झाल्यावर चोवीस तासांत दुसरी अशा दोन नोंदी कराव्या लागतात. ही सात दिवसांची सवलत ज्या तारखेपासून मोजायची, ती तारीखच न लिहिलेल्या दोषाला नसते. सरकारी निरीक्षक आला आणि कुंपण पडलेले दिसले, तर लिहिलेल्या दोषाच्या बाबतीत आपण ‘काल आढळला, उद्यापर्यंत होईल’ असे कागद दाखवून म्हणू शकतो. न लिहिलेल्याच्या बाबतीत ते केव्हापासून पडले आहे, याचा अंदाज तो करतो.

दुसरे असे, की एकाच जागी एकच दोष तीनदा दुरुस्त करावा लागला, तर परवाना त्याला साधी देखभाल मानत नाही. तेथील व्यवस्थाच बदलायला हवी किंवा साध्या देखभालीने का भागते हे लिहून दाखवायला हवे. फोनवरच्या दुरुस्त्यांची गणती कोणी ठेवत नाही. एका साइटवर उतरणीच्या तळाशी एकच वीस फुटांचा तुकडा दर पावसाला आडवा होत असे आणि दर वेळी दोन मजूर तो उभा करीत. पाच महिन्यांनी जुने फोटो शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा लक्षात आले की वरच्या रस्त्याचे सगळे पाणी तेथेच एकवटते आहे. कापडाचे कुंपण पसरत येणाऱ्या पाण्यासाठी असते, धारेपुढे ते टिकत नाही. वर एक आडवा चर आणि खाली दगडी बांध घातल्यावर तो तुकडा पुन्हा पडला नाही.

आणि स्वच्छ कागदाविषयी माझा अनुभव सांगतो : सलग वीस आठवडे सर्व रकान्यांत ‘ठीक’ लिहिलेली फाइल पाहिली, की अनुभवी निरीक्षक ती मिटवून ठेवतो आणि बूट घालतो. मोठ्या कंपन्यांनाही यातून सूट मिळालेली नाही. २००४ साली वॉलमार्टने नऊ राज्यांतील बांधकामांवरील अशा उल्लंघनांबद्दल ३१ लाख डॉलर दंड मान्य केला, आणि २००८ साली देशातील चार मोठ्या घरबांधणी कंपन्यांनी मिळून सुमारे ४३ लाख डॉलर भरण्याबरोबरच नेहमीपेक्षा अधिक तपासण्या करण्याचेही कबूल केले.

प्रश्न : जमीन गोठल्यावरही दर आठवड्याला जावे लागते का? – एक वाचक, न्यू हॅम्पशायर

उत्तर : काम बंद असेल, उघडी माती सर्व ठिकाणी वाहून जाणार नाही अशी बांधून ठेवलेली असेल आणि आपल्या भागाच्या आजवरच्या सरासरीप्रमाणे किमान तीन महिने सलग गोठण राहणार असेल, तर वितळण सुरू होईपर्यंत तपासणी थांबवता येते. गोठणीतही मातीकाम चालू असेल तर महिन्यातून एकदा जावे लागते. न्यू हॅम्पशायरच्या उत्तरेकडे ही अट बसू शकेल. बोस्टनच्या किनाऱ्याकडे मी तिच्यावर विसंबणार नाही, कारण जानेवारीत मध्येच ऊब आली किंवा बर्फावर पाऊस पडला की सवलत तत्काळ संपते.

प्रश्न : आम्ही एका नव्या वसाहतीत पाऊण एकराचा प्लॉट घेऊन घर बांधत आहोत. एक एकराच्या आत असल्यामुळे आम्हाला हे सारे लागू नाही ना? – एक कुटुंब, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : लागू असण्याचीच शक्यता अधिक. आपला प्लॉट एक एकराहून लहान असला, तरी तो एकूण एक एकर किंवा त्याहून अधिक जमीन उघडी करणाऱ्या सामाईक विकास-योजनेचा भाग असेल, तर परवाना लागतो. वसाहतीच्या विकासकाचा परवाना आपल्या प्लॉटला अजून झाकतो का, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. झाकत नसेल तर माती हलवण्याच्या किमान चौदा दिवस आधी परवान्याखाली येण्याची आपली सूचना ऑनलाइन दाखल करावी, आणि त्याआधी आराखडा तयार हवा. न्यू जर्सीतील आमचे वाचक हाच प्रश्न नेहमी विचारतात, त्यांच्यासाठी : तेथे १९७५ च्या राज्य कायद्याखाली पाच हजार चौरस फुटांहून अधिक माती हलवायची असली की बहुतेक कामांना ‘मृद्संधारण जिल्हा’ या स्थानिक संस्थेची मंजुरी लागते, म्हणजे एक एकराच्या पुष्कळ अलीकडेच प्रश्न सुरू होतो.

प्रश्न : इमारत पूर्ण झाली, लोक राहायला आले. आता तपासण्या बंद केल्या तर चालेल ना? – एक वाचक, अल्बुकर्की, न्यू मेक्सिको

उत्तर : नाही. इमारत केव्हा पूर्ण झाली याच्याशी परवान्याचा संबंध नाही. माती केव्हा झाकली गेली याच्याशी आहे. आसपासच्या न हलवलेल्या जमिनीवर नैसर्गिक हिरवळ जेवढी असते तिच्या किमान सत्तर टक्के, आणि तीही कायम टिकणारी व सर्वत्र सारखी, उगवली पाहिजे, किंवा दगड-खडीसारखे कायमचे आवरण असले पाहिजे. ही तुलना आसपासच्या जमिनीशी आहे, हे न्यू मेक्सिकोत फार महत्त्वाचे. जेथे मूळ जमिनीवरच निम्मी जागा उघडी असते, तेथे पस्तीस टक्के हिरवळ पुरते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे वाळवंटात हिरवळीच्या गाद्या अंथरून पाणी घालत बसलेले ठेकेदार मी पाहिले आहेत.

मधल्या काळात दर आठवड्याची दगदग मात्र कमी करता येते. ज्या भागात माती बांधण्याचे काम पुरे झाले आहे तेथे पहिल्या महिन्यात दोनदा आणि त्यानंतर महिन्यातून एकदा फेरी पुरते. अल्बुकर्कीसारख्या कोरड्या प्रदेशातही, कोरडा हंगाम चालू असेपर्यंत, महिन्यातून एकदा आणि शिवाय पाव इंच पावसानंतर, एवढीच तपासणी मागितली जाते. ऑगस्टमधील दुपारच्या सरी त्या हंगामात धरू नका.

सर्व अटी पुऱ्या झाल्यावर तीस दिवसांत समाप्तीची सूचना दाखल करावी, तिच्यासोबत काम सुरू होण्याआधीचे आणि नंतरचे फोटो जोडावेत, आणि कापडी कुंपणे, खुंट्या, गटारांवरील जाळ्या काढून न्याव्यात. ज्या दिवशी ती पूर्ण सूचना दाखल होते त्या दिवसाच्या मध्यरात्री परवाना संपतो. तोपर्यंत फेऱ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि अहवाल व दुरुस्तीची वही त्यानंतर आणखी तीन वर्षे सांभाळावी लागते.